‘नाही’ आलेली माणसं

माझी वहिनी हॉस्पिटलात नोकरीला आहे असं कळलं, की लोक लगेच गुडघा पुढे करतात किंवा जीभ बाहेर काढून दाखवतात. मग मला सांगावं लागतं, की ती डॉक्टर नाही, नर्स नाही, रक्त काढणारीसुद्धा नाही. ती तपासण्या तपासते. म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न, आणि तिथे माझी गाडी अडते. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक मारायचा हा माझा धंदा, त्यामुळे स्वभाव तापट झालाय. “तुम्हाला काय करायचंय?” म्हणून मी विषय संपवायचो.

शेवटी एकदा तिलाच विचारलं. मी वरच्या खोलीत एकटा राहतो आणि जेवायला खाली दादा-वहिनीकडे असतो. जेवणं झाली होती, वहिनी ताटल्या पुसत होती.

“भाऊजी, तुमच्याकडे शिकून जे लायसन्सच्या परीक्षेत पास होतात, त्या सगळ्यांना गाडी येते?”

“छे. निम्म्यांच्या पुढून मी स्वतः रस्ता ओलांडणार नाही.”

“आणि नापास होतात त्यांतल्या कुणाला येते?”

“येते की. साहेब शेजारी बसला की काहींचे हातपाय गळतात.”

तिने पावाच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने एक चौकोन काढला आणि त्यात आडवी-उभी रेघ मारून चार घरं केली. गाडी येते आणि पास. येते पण नापास. येत नाही तरी पास. येत नाही आणि नापास. “आता गाडीच्या जागी आजार घाला,” ती म्हणाली, “आणि पासच्या जागी तपासणीचा ‘हो’. माझं काम एवढंच.” पुढे तिने सांगितलं ते मला अजून पाठ आहे. खरोखर आजारी असलेल्या शंभरांतले किती जण तपासणीला सापडतात, त्याला त्यांच्यात संवेदनशीलता म्हणतात. ठणठणीत असलेल्या शंभरांतल्या किती जणांना ती गुपचूप घरी जाऊ देते, ती विशिष्टता. मी म्हटलं, नावं तर अशी ठेवलीत, जणू तपासणीला रात्री झोप लागत नाही. त्यावर ती हसली नाही. वहिनी विनोदावर सहसा दुसऱ्या दिवशी हसते.

तिच्या ऑफिसात तिला चौकटबाई म्हणतात. ऑफिस कसलं, हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, चादरी धुतात त्या विभागाला लागून असलेली एक खोली. भिंतीला कायम ओल, हवेला उकळलेल्या कापडाचा वास, दोन टेबलं, आणि खिडकीबाहेर ॲम्ब्युलन्स मागे घेण्याचा उतार. मी तिला आणायला जायचो तेव्हा ड्रायव्हर लोक तो उतार कसा चढतात ते बघून माझं डोकं फिरायचं. वहिनीला त्या आवाजाचं काही नसायचं. ती नाकासमोर बघून काम करायची आणि चारही घरं भरली की पेन्सिल कानामागे लावायची.

माझा दादा तिच्या अगदी उलट. रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा मिसळून द्यायचा आणि छटेबरोबर दहा गोष्टी फुकट सांगायचा. नखांत सदैव रंग. तो बोलायचा, ती ऐकायची, आणि मध्येच एखादं वाक्य टाकून त्याची हवा काढायची. “नवीन ब्रश चांगला निघाला,” तो म्हणायचा. “किती वापरले?” “एक.” “मग तो एक चांगला निघाला.” एकदा मी उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणून बोलून गेलो, की शितावरून भाताची परीक्षा होते. तर ती म्हणाली, “होते, पण शीत कुठून घेतलं ते बघावं लागतं. वरवरचंच घेतलं तर खाली करपलेलं कळत नाही.” दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हे वाक्य त्याने स्वतः मिसळून दिलंय.

खरं तर त्याला तिचा अभिमान होता, आणि तो दुकानात सगळ्यांना ऐकवायचा. शेजारच्या बाईंच्या एका तपासणीत ‘हो’ आलं होतं आणि त्या रडून रडून बेजार झाल्या होत्या. वहिनीने त्यांना जिन्यातच बसवून समजावलं, की आजार जिथे क्वचित होतो तिथे ‘हो’ आलेल्यांतले बरेचसे लोक धडधाकटच निघतात. तपासणी आधी साप साप म्हणून भुई धोपटते, मग दुसऱ्या तपासणीत कळतं की दोरी होती. बाईंची दोरीच निघाली. तेव्हापासून आमच्या गल्लीत वहिनीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मग ती नवी तपासणी आली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर आधी ओळखायची, नुसत्या रक्तावरून. हॉस्पिटलने पन्नाशी उलटलेल्या चार हजार लोकांवर ती करून बघितली. ज्यांना ‘हो’ आलं त्या दोनशेजणांना आत दुर्बीण घालून तपासलं. ज्यांना ‘नाही’ आलं त्यांना घरी पाठवलं. निरोगी माणसाला कशाला दुर्बीण घालायची, कोण तयार होणार, आणि वेळ कुणाला आहे? वर्षभर थांबायचं, त्यांतलं कुणी आजारी पडून परत आलं तर ते चुकलेलं धरायचं, बाकीचे ठीक. दुर्बिणीत शहाण्णव सापडले. ‘नाही’वाल्यांतले चारजण वर्षात परत आले. म्हणजे शंभर आजारी, त्यांतले शहाण्णव पकडले. वहिनीने चौकट भरली, आकडा वर गेला, वरून शाबासकी आली.

ही चूक तुमच्या-माझ्याकडून झाली नसती, कारण आपल्याला चौकटच माहीत नाही. ती चूक या लोकांचीच. जे घर बघितलंच नाही ते रिकामं आहे असं धरून चालायचं. वहिनीला ते दिसलं नव्हतं असंही नाही. ‘नाही’वाल्यांतल्या थोड्यांना तरी दुर्बीण घालू या, असं ती विभागाच्या मोठ्या डॉक्टरांना एकदा म्हणाली होती. ते म्हणाले, सगळीकडे असंच करतात. ते खोटं नव्हतं. ती गप्प बसली.

त्या चार हजारांत दादा होता. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. “हात दाखवून अवलक्षण कशाला,” म्हणत तो गेला आणि ‘नाही’ घेऊन आला. त्या दिवशी त्याने दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

वर्ष उलटून गेल्यावर तो बारीक दिसायला लागला. विचारलं तर म्हणायचा, पायी चालतो हल्ली. रक्त जातंय हे त्याने बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा मूळव्याध म्हणून सांगितलं. मी म्हटलं, दाखवून घे. तो म्हणाला, “अरे, तपासणी झालीय माझी. शंभरातल्या शहाण्णवांना पकडणारी. आणि ते सर्टिफिकेट घरच्याच माणसाने दिलंय.” वहिनी तिथेच होती. तीही काही बोलली नाही. तिचाही त्या आकड्यावर विश्वास होता, आकडा तिचाच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

एका सकाळी दुकानात डबा उचलताना तो कोसळला. मी त्याला शिकवण्याच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं, डोक्यावर ‘शिकाऊ चालक’ची पाटी तशीच. अंगात रक्तच उरलं नव्हतं. दुर्बीण घातली, फोटो काढले. आतड्यातून यकृतापर्यंत गेलं होतं. आता फार काही करता येणार नाही, असं तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला उभ्याउभ्याच सांगितलं.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला हवं. काही वाटलं नाही. कुणी माझ्या गाडीसमोर आडवं आलं तर मी दहा मिनिटं शिव्या घालतो, आणि इथे मी समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र वाचत होतो. आधी तळवे, मग बोटांच्या मधली जागा. दोन वेळा वाचलं. वहिनीही तेच वाचत असावी. आम्ही दोघं बधिर होऊन त्या चित्रासमोर उभे होतो.

राग आला तो संध्याकाळी, हॉस्पिटलच्या जिन्यात. “तुमचे शहाण्णव ना?” मी म्हटलं. “मग हा राहिलेल्या चारांतला का?”

“तसं नाही म्हणता येणार, भाऊजी.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “ते चारच आहेत की नाहीत, तेच आपल्याला माहीत नाही. आपण बघितलंच नाही.”

“आपण नाही. तुम्ही.”

“हो. मी.”

आणि ती वर वॉर्डात दादापाशी गेली. मला भांडण हवं होतं, तिने तेवढंही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली. ‘नाही’ आलेल्या तीन हजार आठशे माणसांतली किती दादासारखी फिरत असतील, हे शोधायला हवं, असं तिचं म्हणणं. हे सगळं मला कळलं ते दादाच्या खाटेशेजारी बसून. तिने त्याला रोजचा रोज हिशेब सांगायचा हा त्यांचा शिरस्ता होता, तो आजारपणातही चालू राहिला. मोठे डॉक्टर वाईट माणूस नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, “बाई, एका माणसावरून काही ठरत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आणि हा तर तुमच्या घरातला.”

“एकावरून नाहीच ठरत,” वहिनी म्हणाली. “म्हणून दहातल्या एकाला बोलवा. चिठ्ठी टाकून. मी हात लावणार नाही.”

ते चार दिवस थांबले आणि हो म्हणाले. बहुतेक त्यांनाही झोप लागत नसावी.

दादा हे ऐकून उठून बसला. त्याला तसं कुठलंच बसणं जमत नव्हतं, तरी बसला. “मग मला घाल त्यात,” तो म्हणाला. “मी गेलो तर गेलो, पण कुठेतरी धरला गेलो पाहिजे. तुझ्या त्या रिकाम्या घरात मला बसव. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेन.”

“बघू,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून दादाला दुसरं काही सुचेना. औषध घेताना, कूस बदलताना, तेच. आजवर जन्मभर रंग मिसळले, लोकांनी भिंतींना लावले, वर दुसरे लावले, संपलं. पण हॉस्पिटलच्या आकड्यात गेलं की ते राहतं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मला तो हट्ट अगदी बरोबर वाटायचा. त्याचा जीव गेल्याची कुठेतरी नोंद व्हावी, एवढंच तर मागत होता.

चिठ्ठी अशी टाकली. प्रत्येकाला तपासणीच्या वेळी एक क्रमांक दिलेला होता. शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या चहाच्या मगात टाकल्या आणि शेजारच्या चादरी धुण्याच्या विभागातल्या बाईंना बोलावून एक काढायला सांगितली. जो आकडा निघेल, त्यावर ज्यांचा क्रमांक संपतो ती सगळी माणसं बोलवायची. आदल्या दिवशी दादाने विचारलं होतं, “माझा आठवर संपतो. आठ निघाला तर?”

“निघाला तरी नाही. ज्यांचं आधीच कळलंय ते बाहेर ठेवलेत.”

तीन निघाला. मला वाटलं, चला, प्रश्न मिटला. दादाचा मिटला नाही.

तीनवाल्यांना फोन करायचं काम वहिनीने मागून घेतलं. मी तिला आणायला गेलो की ती फोनवर असायची. “तपासणीत ‘नाही’ आलं होतं ना तुमचं, हो, तरीसुद्धा. घाबरण्यासारखं काही आहे की नाही, तेच बघायचंय.” खोटा धीर नाही, उगाच भीतीही नाही. कुणी रागवायचं, कुणी फोन ठेवून द्यायचं, एकाने तिला विमा विकणारी समजून दोन सुनावल्या. ती पुन्हा लावायची. हळूहळू बहुतेक सगळे आले. तीनशे ऐंशी बोलावलेले, त्यांतले दहा-बारा तेवढे चुकले.

मी एकदा उताराकडे बघत विचारलं, “वहिनी, रडला नाहीत तुम्ही?”

“अजून नाही,” ती म्हणाली, आणि पुढचा क्रमांक फिरवला.

काही आठवड्यांनी निकाल हाती आला. तोवर दादाला घरी आणलं होतं, बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ खाट टाकली होती. तो भिंतीच्या पिवळ्याला नावं ठेवायचा, की यात नको तितका हिरवा आहे. वहिनी ऑफिसातून आली, हात धुतले, त्याच्याशेजारी स्टूल घेऊन बसली. मी दारात होतो.

“किती?” दादाने विचारलं.

“पाच. चौघांचं अगदी सुरुवातीचं आहे. काढून टाकलं की बरे होतील. एकाचं थोडं पुढे गेलंय.”

“दहातल्या एकात पाच,” दादा म्हणाला. इतक्या वर्षांत त्यालाही हिशेब यायला लागला होता. “म्हणजे सगळ्यांत पन्नासच्या आसपास.”

“हो. म्हणजे तपासणी शंभरातल्या शहाण्णवांना नाही पकडत. तीनातला एक निसटतो. राहिलेल्या सगळ्यांना बोलवायचं ठरलंय, सोमवारपासून फोन सुरू. तपासणी बंद केलीय.”

मला त्या पाचांबद्दल आनंद व्हायला हवा होता. मी तो शोधला. आत काहीच हाती लागलं नाही.

दादाने नजर छताकडे नेली. मग म्हणाला, “त्या पाचांत मी आहे ना?”

“नाही.”

“सहावा?”

“सहावाही नाही.” ती स्टुलावर जरा पुढे सरकली. “तुमच्यामुळे आपण शोधायला लागलो. ज्याच्यामुळे शोध सुरू झाला, त्यालाच शोधात मोजलं तर आकडा फुगतो. तुम्हाला घेतलं असतं, तर पन्नासचे साठ झाले असते. दहा माणसं नसलेली निर्माण झाली असती.”

“मोठे डॉक्टर काय म्हणाले?”

“घाला म्हणाले. हरकत नाही, कोण बघतंय, म्हणाले.”

“आणि तू?”

“मी नाही घातलं.”

दादाने मान भिंतीकडे फिरवली. रागावला नव्हता, मी त्याला लहानपणापासून ओळखतो. खेळात शेवटपर्यंत कुणी निवडलं नाही की जो चेहरा व्हायचा, तो झाला होता. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. बाहेर कुणीतरी चुकीच्या गिअरमध्ये गाडी चढवत होतं आणि मला तेही ऐकवत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात दादा गेला. पहाटे, झोपेत. जे करायचं असतं ते आम्ही सगळं केलं. दुकानातली माणसं आली, शेजारच्या बाई आल्या, त्यांनी वहिनीला धरून ठेवलं आणि वहिनीने त्यांना धरून ठेवू दिलं. मग सगळे गेले आणि घरात आम्ही दोघं उरलो.

तेव्हा मी ते बोललो. गेले कित्येक दिवस घशाशी होतं. मी ओरडलो नाही, ओरडायला लागतं ते माझ्यात शिल्लक नव्हतं.

“वहिनी, तुमचा आकडा तुम्ही बरोबर ठेवलात, चांगलं केलंत. कागदावर नका घालू, कुणी सांगितलंय? पण त्याला नुसतं हो म्हणायचं होतं. पाचांतला एक तुम्ही, एवढंच. तो कुठे जाऊन तपासणार होता?”

ती टेबलावरची त्याची औषधं एका पिशवीत भरत होती. हातातली बाटली तिने खाली ठेवली.

“हो म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता, भाऊजी,” ती म्हणाली. “मी सांगितलेल्यावर ते ठेवायचेच. तसाच तर त्यांनी तो ‘नाही’ घेतला होता.”

मग ती खुर्चीत बसली आणि रडायला लागली.